बिनचेहऱ्याचा सुतार

न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर एक ३७ मजली इमारत आहे. आर्किटेक्ट फिलिप जॉन्सनची, १९८४ मध्ये पूर्ण झालेली. मोबाइलवर तिचा फोटो शोधा. आजूबाजूचे टॉवर सपाट डोक्याचे, पण हिच्या माथ्यावर मोठा दगडी त्रिकोण आणि त्याच्या शेंड्यात गोल खाच. आता जरा डोळे बारीक करून बघा. इमारतीच्या जागी एक उंच, जुनं, खणांचं कपाट दिसायला लागतं. लोकांना ते तेव्हाच दिसलं आणि त्या टॉवरला ‘चिपेंडेल’ हे नाव चिकटलं.

डिस्नेच्या कार्टूनमधली ‘चिप’ आणि ‘डेल’ ही खारीसारखी दोन अवली पात्रं आठवतात? त्यांची नावं एकापुढे एक म्हणून बघा. हो, तोच शब्दखेळ आहे तो.

टॉवरपासून कार्टूनपर्यंत पोचलेलं हे नाव एका सुताराचं आहे. थॉमस चिपेंडेल. १८व्या शतकातला लंडनचा फर्निचरवाला. आता त्याचा फोटो, म्हणजे त्याचं एखादं चित्र शोधा. पुतळे सापडतील, पण ते नंतरच्या शिल्पकारांनी कल्पनेने घडवलेले. त्याच्या हयातीतलं एकही खात्रीचं चित्र आजवर मिळालेलं नाही. ज्याचं नाव सगळ्यांना माहीत, त्याचा चेहरा कुणालाच माहीत नाही. असं कसं झालं, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यासाठी आपल्याला एक कपाट उघडावं लागेल.

ओटलीचा पोरगा

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर परगण्यात ओटली नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या चर्चच्या नोंदीनुसार ५ जून १७१८ रोजी थॉमसचा बाप्तिस्मा झाला. वडील जॉन हे सुतार. घरात रंधा, करवत, पटाशी यांचा आवाज जन्मापासूनच. काम बहुधा वडिलांच्या हाताखाली आणि नंतर यॉर्क शहरातल्या एखाद्या कारागिराकडे शिकला असावा, असं अभ्यासक मानतात. शाळा गावातलीच. थोडक्यात, ना मोठं घराणं, ना ओळखीपाळखी.

पुढचा पक्का पुरावा मिळतो तो थेट लंडनमध्ये, ३० वर्षांनी. मे १७४८ मध्ये त्याचं कॅथरीन रेडशॉशी लग्न झालं. पुढे त्यांना नऊ मुलं झाली. गावाकडून महानगरात येऊन भाड्याच्या जागेत बस्तान बसवायचं, कामं शोधायची आणि घर चालवायचं, हे गणित तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको.

१७५४ च्या सुमारास त्याने मोठी उडी मारली. लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये जागा घेतली. हा भाग म्हणजे तेव्हाचा ‘क्रिएटिव्ह हब’. विल्यम होगार्थ या चित्रकाराने चालवलेली कलाशाळा इथेच आणि कलाकारांचा अड्डा असलेलं कॉफी हाउसही इथेच. पैसा लावला जेम्स रॅनी या स्कॉटिश भागीदाराने. दुकानावर पाटी होती खुर्चीच्या चित्राची.

लाकूड कुठून आलं?

दुकान उघडलं तेव्हा लंडनमध्ये एका लाकडाची हवा होती, महोगनीची. त्याआधी श्रीमंतांचं फर्निचर मुख्यतः अक्रोडाच्या लाकडाचं असायचं. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात काढून टाकली आणि जमैकाची महोगनी जहाजं भरभरून यायला लागली.

सुतारांना ती का आवडली, हे कोणत्याही सुतारकाकांना विचारा. खोडाचा घेर प्रचंड, त्यामुळे फळ्या रुंद मिळतात. लाकूड घट्ट, सहसा वाकत-पिळत नाही, कीड लवकर लागत नाही. आणि पटाशी चालवली की कडा अशी स्वच्छ सुटते की पानाची शीरसुद्धा कोरता येते. रंग लालसर तपकिरी, वापरून वापरून आणखी खुलणारा. जुन्या महोगनीच्या कपाटांवर जी नक्षी बघून आपण थक्क होतो, तिचं अर्धं श्रेय कारागिराच्या हाताला आणि अर्धं या झाडाला.

पण ही झाडं तोडत कोण होतं? आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. आजच्या बेलीझच्या किनाऱ्यावरच्या तोडीची वर्णनं उपलब्ध आहेत. महोगनी जंगलात एका जागी झुंडीने उगवत नाही, एकेकटी विखुरलेली असते. म्हणून टोळीतला एक जाणकार उंच झाडावर चढून पानांच्या रंगावरून दूरवरची महोगनी हेरायचा. मग तिथपर्यंत वाट पाडायची, खोडाभोवती उंच मचाण बांधून कुऱ्हाडी चालवायच्या, ओंडके नदीपर्यंत ओढायचे आणि पावसाळ्यात पूर आला की ते समुद्राकडे सोडून द्यायचे. जमैकातली सहज हाताशी येणारी मोठी झाडं त्याच शतकात संपत आली.

आज आपल्याकडे शेताच्या बांधावर महोगनी लावणारे शेतकरी तुम्ही पाहिले असतील. भारतात हे झाड कोलकात्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये १७९५ मध्ये आलं. मूळच्या जंगलातल्या महोगनीचा व्यापार मात्र आता ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. इतकी ती तोडली गेली.

पोर्टफोलिओ, तोही छापील

लंडनमध्ये चांगले सुतार तेव्हा ढीगभर होते. मग चिपेंडेलच का? कारण १७५४ मध्ये त्याने एक पुस्तक काढलं: ‘द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर’. मोठ्या आकाराच्या १६० तांब्याच्या पट्ट्यांवरून छापलेली चित्रं. खुर्च्या, पलंग, पुस्तकांची कपाटं, आरशाच्या चौकटी आणि खणांची कपाटं, साधी आणि नागमोडी दर्शनी भागाची. गॉथिक, चिनी आणि त्या वेळी ‘मॉडर्न’ म्हटली जाणारी फ्रेंच वळणाची, अशा तिन्ही फॅशन एकाच ठिकाणी.

इंग्लंडमध्ये एका कारागिराने आपल्या फर्निचरच्या डिझाइन्सचं एवढं मोठं पुस्तक काढण्याची ही पहिलीच वेळ. पैसे कसे उभे केले? आगाऊ वर्गणी घेऊन. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग. ३०० हून अधिक जणांनी नावं नोंदवली. त्यात उमराव होते, तसे कितीतरी सुतार आणि कारागीरही होते.

सुतार का विकत घेत होते, हा यातला खरा मुद्दा आहे. कारण त्या चित्रांत नुसती शोभा नव्हती. मापं होती, गोलाईच्या पट्ट्यांचे मोठे करून दाखवलेले छेद होते. म्हणजे हाती पुस्तक असलेला कोणताही कसबी माणूस तसंच कपाट बनवू शकत होता. चिपेंडेलने आपली डिझाइन्स कुलपात ठेवली नाहीत. त्याने ती विकायला काढली, प्रतिस्पर्ध्यांसकट सगळ्यांना.

परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती वर्षभरातच आली, तिसरी आणि वाढवलेली १७६२ मध्ये. फ्रेंच भाषांतर निघालं. समुद्रापलीकडे फिलाडेल्फियाच्या सुतारांनी ती चित्रं समोर ठेवून स्वतःच्या पद्धतीची उंच कपाटं बनवली. न्यूयॉर्कच्या त्या टॉवरच्या डोक्यावर जे दिसतं ते याच परंपरेतून आलेलं. दुसऱ्या बाजूला, लंडनमधल्याच इन्स आणि मेह्यू या जोडीने १७५९ पासून तसंच पुस्तक भागाभागांनी काढायला सुरुवात केली.

तोवर इंग्लंडमध्ये फर्निचरच्या शैलीला राजा-राणीचं नाव मिळायचं. यापुढे एका सुताराचं नाव मिळालं. पण याचा उलटा अर्थही लक्षात घ्या. जगात ‘चिपेंडेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कपाटांपैकी बहुतेकांना त्याच्या वर्कशॉपचा वाराही लागलेला नाही.

२२ पेट्या

पुस्तक गाजत असतानाच, एप्रिल १७५५ मध्ये, सेंट मार्टिन्स लेनच्या वर्कशॉपला आग लागली. त्या काळच्या बातमीत एक तपशील नोंदला गेला आहे. आगीत २२ कामगारांच्या पेट्या जळाल्या.

पेटी म्हणजे काय, हे समजून घ्या. तेव्हा कारागिराची हत्यारं मालकाची नसायची, स्वतःची असायची. रंधे, पटाश्या, करवती, गुण्या. वर्षानुवर्षं एकेक करून जमवलेल्या, मुठी स्वतःच्या हाताला बसवून घेतलेल्या. ती पेटी गेली म्हणजे त्या माणसाची रोजीरोटीच गेली. तुमचा लॅपटॉप आणि त्यातलं पाच वर्षांचं काम बॅकअपशिवाय एका रात्रीत गेलं तर काय होईल, तसंच काहीसं. त्या २२ जणांची नावं बातमीत नाहीत.

आणि तरीही ही बातमी आपल्याला एक महत्त्वाची गोष्ट सांगते. चिपेंडेल हा एकटा माणूस नव्हता. डिझाइन, गिऱ्हाईक आणि दर्जा त्याच्याकडे होता. फळी रंधणारा, सांधे पाडणारा, नक्षी कोरणारा, सोन्याचा वर्ख लावणारा, गाद्या शिवणारा, पॉलिश करणारा असे हात वेगवेगळे होते. दुकानातून पडदे, गालिचे आणि भिंतीचे कागदसुद्धा पुरवले जायचे. आज आपण ज्याला स्टुडिओ म्हणतो तसा तो कारखाना होता.

खण ओढून बघा

आता त्या कारखान्यातल्या कामाकडे जवळून बघू. १७६० च्या आसपासचं नागमोडी दर्शनी भागाचं महोगनीचं खणांचं कपाट समोर आहे असं समजा. वरचे खण उंचीला लहान, खाली येता येता मोठे. त्यामुळे कपाट जमिनीवर ठाम उभं वाटतं.

पहिली गंमत ही की, ते आरपार महोगनीचं नसतं. महाग लाकूड डोळ्यांसमोर, आतला सांगाडा पाइन किंवा ओकचा. खणाची लाटेसारखी वळलेली पाटी एका फळीतून वाकवत नसत. पाइनचे छोटे तुकडे विटांसारखे एकावर एक सरसाने चिकटवायचे, मग ती भिंत करवतीने आणि रंध्याने वळणात आणायची आणि तिच्यावर महोगनीचा पातळ काप चिकटवायचा. हा काप हाताने करवतून काढलेला असल्यामुळे आजच्या कागदासारख्या व्हेनिअरपेक्षा कितीतरी जाड असे. खोडातून फांदी फुटते तिथल्या लाकडात ज्वाळेसारखी रेषा असते, तो काप दर्शनी भागासाठी राखून ठेवलेला. गरम सरस, वर गरम केलेला साचा आणि भरपूर दाब. एक फुगा राहिला की पुन्हा पहिल्यापासून.

खण बाहेर ओढा आणि कडेने बघा. पुढची पाटी आणि बाजूची फळी कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारख्या दातांनी एकमेकांत अडकलेली दिसेल. याला डव्हटेल म्हणतात. खिळा एकही नाही. शेकडो वेळा ओढला तरी सांधा सुटत नाही, कारण ओढण्याच्या दिशेने तो आणखी घट्ट बसतो. हाताने पाडलेले दात नीट मोजले तर किंचित लहानमोठे असतात. मशीनचे सगळे सारखे. जुनं खरं की नक्कल, याची ही पहिली परीक्षा.

खणाच्या कडेभोवती एक बारीक उठावाची पट्टी असते. ती नुसती शोभेची नाही. कापाची नाजूक कड रोजच्या उघड-बंद करण्यात उडू नये म्हणून ती मार खाते. दोन खणांच्या मध्ये धूळ अडवणारी फळी. कोपऱ्यांवर कोरलेली वळसेदार पानं, ओतीव पितळी मुठी, प्रत्येक खणाला कुलूप. शेवटचा हात जवसाच्या तेलाचा आणि विटेच्या बारीक भुकटीचा, तासन्‌तास घासून.

आता मागे जा. कपाट भिंतीला लागून राहणार, तिथे कोण बघणार? चिपेंडेलच्या वर्कशॉपमधल्या बऱ्याच कामांत, न दिसणाऱ्या भागांवरही पातळ लालसर रंगाचा हात मारलेला आढळतो. उघडं, कच्चं लाकूड विजोड दिसू नये म्हणून. जिथे गिऱ्हाइकाची नजर जाणार नाही तिथेही काम अर्धवट सोडलेलं नाही. अभ्यासक आज अशाच लपलेल्या जागा टॉर्च घेऊन तपासतात.

कारण समोर सही नाही. चिपेंडेलने आपल्या फर्निचरवर नाव किंवा शिक्का मारलाच नाही. त्याचं खरं काम ओळखायचं तर जुन्या हवेल्यांमधली बिलं आणि पत्रं शोधावी लागतात. अमुक कपाट, अमुक किंमत, अमुक साली, आणि तेच कपाट आजही त्याच खोलीत उभं. असं जुळलं तरच खात्री.

पेमेंट कधी मिळणार, सर?

आता गिऱ्हाइकांचं बघू. स्कॉटलंडमधलं डम्फ्रीज हाउस, यॉर्कशरमधलं नॉस्टेल प्रायरी, ओटलीच्या जवळचं हेअरवूड हाउस. यादी मोठी. नॉस्टेलच्या सर रोलंड विन यांना त्याने महोगनीचं भव्य लायब्ररी टेबल दिलं आणि त्यांच्याच स्वयंपाकघरासाठी लाकडी ठोकळाही दिला, भाजी-मटण कापायचा. कोणतंही काम हलकं नाही.

पण पैसे? उमरावांनी बिल वर्षानुवर्षं थकवणं तेव्हा सर्रास चालायचं. विन यांना लिहिलेल्या पत्रांत हा नामांकित माणूस पुन्हा पुन्हा पैशांसाठी विनवणी करताना दिसतो. कामगारांना मजुरी द्यायची आहे, लाकडाचे पैसे द्यायचे आहेत. तिकडे विन साहेब माल उशिरा येतो म्हणून भडकलेले. फ्रीलान्सिंग करणाऱ्या कुणालाही ही पत्रं ओळखीची वाटतील. त्यात १७६६ च्या सुरुवातीला भागीदार रॅनी वारला, भांडवल गेलं, दुकानातला माल लिलावात काढावा लागला. पुढे रॅनीचाच हिशेबनीस थॉमस हेग भागीदार झाला आणि गाडी चालू राहिली.

सगळ्यात मोठं काम हेअरवूडचं. मालक एडविन लॅसेल्स. त्या कुटुंबाची संपत्ती कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून आणि गुलामगिरीतून आलेली. म्हणजे ज्या व्यवस्थेतून महोगनी येत होती, त्याच व्यवस्थेतून ती विकत घेणारा पैसाही. १७७३ मध्ये चिपेंडेलने या घरासाठी डायना आणि मिनर्व्हा या रोमन देवतांच्या जडावकामाचं कपाट दिलं. यावेळी फॅशन बदलली होती, महोगनीच्या जागी फिकट पिवळं सॅटिनवुड आलं होतं. बिल ८६ पौंड. आजही ते त्याच घरात आहे.

शेवटचा खण

कॅथरीन १७७२ मध्ये गेली. १७७७ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. नोव्हेंबर १७७९ मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. मागे मोठी संपत्ती नव्हती. लंडनमध्ये सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सच्या दफनभूमीत त्याला पुरलं, पण त्या कबरीची खूण आज उरलेली नाही. त्याचाच नावाचा मुलगा थॉमस याने धंदा पुढे नेला. तोही उत्तम कारागीर, पण १८०४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं.

२०१० मध्ये लंडनच्या एका लिलावात चिपेंडेलचं म्हणून ओळखलं जाणारं एक खणांचं कपाट ३७ लाखांहून अधिक पौंडांना विकलं गेलं. त्याआधी २००७ मध्ये डम्फ्रीज हाउसमधलं सगळं फर्निचर लिलावासाठी ट्रकमध्ये भरून निघालं होतं. तेव्हाच्या प्रिन्स चार्ल्स यांच्या पुढाकाराने ऐनवेळी पैसे उभे राहिले आणि ट्रक रस्त्यातून परत फिरवावे लागले. हयातीत ज्याचं बिल वेळेवर चुकतं झालं नाही, त्याच्या कपाटांसाठी नंतर अशी धावपळ.

तुम्ही डिझाइन शिकत असाल, कोड लिहीत असाल किंवा आर्टिकलशिप करत असाल, या गोष्टीतून एकच ठराविक धडा निघेल असं नाही. पुस्तक छापलं म्हणून नाव राहिलं, हे खरं. नाव राहिलं म्हणून घर चाललं, असं झालं नाही, हेही खरं. आणि त्या नावाखाली किती जणांचे हात दबले, तेही विसरता येत नाही. जमैकात ज्यांनी झाडं तोडली ते, आणि ज्यांच्या पेट्या जळाल्या ते २२ जण.

पुढच्या वेळी मुंबईच्या चोर बाजारात किंवा गावाकडच्या जुन्या घरात एखादं शंभर वर्षांचं कपाट दिसलं, तर समोरची नक्षी बघून पुढे जाऊ नका. परवानगी घेऊन एक खण पूर्ण बाहेर काढा. कडेचे दात बघा, तळावरून बोट फिरवा, मागच्या फळीवर मोबाइलचा टॉर्च मारा. करवतीची एखादी खूण, आखणीची एखादी पुसट रेघ तिथे नक्की असेल. ती ज्याने काढली, त्याचाही चेहरा कुणाला माहीत नाही.